अमृतप्पांची कालवड

दर तीन आठवड्यांनी सिद्धप्पा हटगाराचा माग एक दिवस बंद राहायचा, आणि त्याला कारण होती अमृतप्पांची कालवड. मादन हिप्परग्याच्या हटगार गल्लीत, म्हणजे विणकरांच्या वस्तीत, तेव्हा सोळा माग होते. लग्न असो, मयत असो, कुणाचा ना कुणाचा खडखडाट चालूच असायचा. सिद्धप्पाचा माग तर त्याचा बाप वारला त्या दिवशीही दुपारनंतर चालला होता, कारण ताण्याला खळ लावून झाली होती आणि लावलेली खळ कुणासाठी थांबत नाही. असा हा माणूस एका मुक्या जनावरासाठी धोटा खाली ठेवतो, हे गल्लीला काही पचत नव्हतं.

कालवड आली ती दसऱ्याच्या आठवड्यात. सिद्धप्पाच्या घराण्यात कधी कुणी जनावर पाळलं नव्हतं. विणकराचं घर म्हणजे मागाचा खड्डा, सुताच्या गाठोड्या आणि उरलेल्या जागेत माणसं. पण त्याच्या बायकोच्या, रत्नम्माच्या मनात गाय होती. वीस वर्षं ती दिवसाआड तांब्या घेऊन अमृतप्पांच्या मागच्या दारी ताकाला उभी राहत होती. अमृतप्पा म्हणजे गावातले मोठे शेतकरी, चार बैलजोड्या आणि गोठाभर देवणी गाई असलेले. त्यांची बायको चन्नव्वा मनाने वाईट नव्हती, ताकाला कधी नाही म्हणायची नाही. पण आधी गड्यांना, मग शेजारणींना आणि मग उरलं तर हटगार गल्लीला, असा तिचा क्रम ठरलेला. तोवर रत्नम्मा चौकटीला टेकून उभी. शेवटी तांब्यात पडायचं त्यात ताक थोडं आणि पाणीच फार. दोन्ही लेकी सासरी गेल्यावर एक दिवस कांड्या भरता भरता रत्नम्मानं सांगून टाकलं, की मरायच्या आधी एकदा तिला स्वतःच्या घरचं ताक घुसळायचं आहे.

सिद्धप्पाला बायकोचं मन मोडता येत नसे. तो अमृतप्पांकडे गेला आणि वाट्यानं कालवड मागितली. आमच्या भागातली ही जुनी वहिवाट. ज्याच्याकडे जनावर नाही त्यानं दुसऱ्याची कालवड पोसायला न्यायची. कारहुणवीपर्यंत ती गाभण राहिली तर पहिलं वासरू मालकाचं आणि गाय पोसणाऱ्याची. रिकामी राहिली तर त्या दिवशी मालक दावं सोडून परत नेणार, आणि पोसणाऱ्यानं घातलेला चारा वाया. कारहुणवी म्हणजे ज्येष्ठातली पौर्णिमा, बैलांचा सण. गड्यांचे आणि जनावरांचे सगळे बोल त्या दिवशी संपायचे नाहीतर नवे व्हायचे. अमृतप्पांनी मळ्यातली पांढरी, काळ्या तोंडाची, तीन वर्षांची कालवड दिली. देताना म्हणाले, हटगाराच्या दारात बांधायला रक्त जरा जास्तच चांगलं आहे, पण बघू.

अंगणातल्या छपरात, मागाच्या बरोबर समोर, तिला खुंटा ठोकला. आठ दिवस बरे गेले. मग एका सकाळी ती ओरडायला लागली. चारा खाईना, दावं ताणून उभी राही, शेपूट उचली, डोळे मोठे करून वाटेकडे बघे. सिद्धप्पा तेव्हा जाड काठाचं धोतर विणत होता आणि फणीचा ठोका चांगलाच बसत होता. नवरा-बायकोनं विचार केला. मोकळ्या मळ्यात वाढलेलं जनावर, त्याच्या कानापुढे दिवसभर हा खडखडाट, कसा सोसणार? सिद्धप्पानं पाय पावड्यांवरून काढले आणि माग बंद केला. दुसऱ्या दिवशी कालवड गप्प झाली, चारा खाऊ लागली. दोघांना फार बरं वाटलं. रोग कळला होता आणि औषधही सापडलं होतं.

तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. पुन्हा एक दिवस माग बंद, पुन्हा कालवड गप्प. रत्नम्मानं त्या खेपेला ओव्याचा काढाही पाजला. तिसऱ्या खेपेला अमृतप्पा आपली धोतरजोडी न्यायला आले. मार्गशीर्ष नुकता लागला होता. बघतात तर कालवड गल्ली डोक्यावर घेऊन ओरडते आहे आणि सिद्धप्पा हात मांडीवर ठेवून बंद मागापुढे बसला आहे.

"माग कामून बंद हाय रे?" त्यांनी विचारलं.

सिद्धप्पानं खरं ते सांगितलं. "अप्पा, हिला आवाज सोसंना. तीन आठवडं कसंबसं सोसती, मग कंटाळती. म्हून एक दिस बंद ठेवतो."

अमृतप्पा धिप्पाड माणूस. ते आधी खोकले, मग ओट्यावर बसले आणि उपरण्याने डोळे पुसत हसत राहिले. शेजारच्या मागांवरचेही चार जण काम टाकून बघायला आले. "आरं येड्या," शेवटी ते म्हणाले, "तिला तुज्या मागाचं काय पडलंय? माजावर आलीय ती. तिला बसवण्णाकडं जायचंय म्हून वरडायलीय, आन् तू धोटा खाली ठेवायलास."

गल्ली हसली. सिद्धप्पा कानापर्यंत लाल झाला, आणि आत चुलीपाशी रत्नम्मानं पदर तोंडात कोंबला. ती लाजेने रडते आहे की हसते आहे हे तिचं तिलाच कळत नव्हतं. बसवण्णा म्हणजे देवाला सोडलेला गावचा पोळ. त्याच दुपारी राघोबा गुराख्यानं कालवड ओढ्याकाठी नेली आणि संध्याकाळी आणून बांधली. अमृतप्पा जाताना बजावून गेले, की आता एकवीस दिवस मोजायचे. पुन्हा ओरडली तर फळली नाही, गप्प राहिली तर आशा धरायची.

मोजण्याच्या बाबतीत विणकराला कुणी शिकवायला नको. एकविसाव्या दिवशी सिद्धप्पा तांबडं फुटायच्या आत खड्ड्यात उतरला आणि असा माग चालवला की भिंतीवरची माती पडू लागली. रत्नम्मा कांड्या सोडून कालवडीच्या कानाशी जाऊन उभी राहिली. कालवड रवंथ करत होती. बाविसाव्या दिवशीही तेच, पंचविसाव्याही. त्या संध्याकाळी दोघं जेवायला बसली तेव्हा सिद्धप्पा उगीचच हसत होता.

पण गप्प राहणं म्हणजे काही खात्री नव्हे. आळंदहून सलोतरी, म्हणजे जनावरांचा डॉक्टर, यायचा तो साथ आली तरच. रत्नम्माला रोज काहीतरी पुरावा हवा होता, म्हणून तिनं घरातलं माप काढलं. दर सोमवारी ती कालवडीच्या पोटाभोवती सुताचा दोरा फिरवायची, जिथे टोक येईल तिथे गाठ मारायची आणि दोरा खुंटीला अडकवायची. पहिले दोन सोमवार गाठ जागची हलली नाही. माघात ज्वारीची काढणी सुरू झाली, रत्नम्मा रोज दुसऱ्यांच्या रानातून हिरवा पाला आणि सरमडाचे भारे डोक्यावरून आणू लागली, आणि गाठी भराभर पुढे सरकल्या. तीन सोमवारांत चार बोटं. छपराकडे बघितलं की पोट गोल दिसायचं, डावीकडून तर चांगलंच फुगलेलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्या सोमवारी रत्नम्मानं गव्हाची हुग्गी रांधली, वरून खसखस घातली आणि गल्लीत घरोघरी वाटली. एक वाटी चन्नव्वाकडेही पोचवली.

राघोबा गुराखी आपल्या वाटणीची हुग्गी खायला दारातच बसला. वाटी चाटूनपुसून झाल्यावर त्यानं कालवडीभोवती एक फेरी मारली आणि डाव्या बाजूला थाप दिली. पोट ढोलासारखं वाजलं.

"सिद्धाण्णा, हे फुगलंय ते वासरू न्हाई, चारा हाय," तो म्हणाला. "जनावराचा चारा डाव्या अंगाला ऱ्हातो, वासरू उजव्या. दोन महिन्याचं वासरू तर तुज्या धोट्यापेक्षा ल्हान आसतंय. ते काय दिसणार हाय?"

हुग्गी तर वाटून झाली होती. दुसऱ्या दिवशी रत्नम्मा ताकाला गेली तेव्हा चन्नव्वाच्या अंगणात आठ-दहा बायका होत्या. चन्नव्वानं सगळ्यांदेखत, अगदी हसतमुखानं विचारलं, "चाऱ्याची हुग्गी वाटलीस म्हणं गं, रत्नम्मा? चांगली झालती." बायका हसल्या. त्यात कुणाच्या मनात वाकडं नव्हतं, पण रत्नम्माला ते लागायचं तिथं लागलं. तांब्यात ताक पडायच्या आधीच ती वळली. त्या दिवसानंतर ती मागच्या दारी गेली नाही. घरात भाकरी आणि कारळाची चटणी, नाहीतर भाकरी आणि नुसतं पाणी. सिद्धप्पाला कोरडा घास उतरायचा नाही. तरी एक दिवस तो खोटंच म्हणाला, की ताकाने आपल्याला पित्त व्हायचं, आता बरं वाटतंय.

राघोबाच्या बोलण्यानं एक मात्र झालं. सिद्धप्पानं छपरातला खुंटा उपटला आणि पलीकडच्या कोपऱ्यात ठोकला, म्हणजे कालवडीची उजवी बाजू मागाकडे आली. आता तो विणता विणता दिवसभर ती बाजू बघू शकत होता. मागावरचा विणकर बसतो जमिनीच्या बरोबरीने. पाय खड्ड्यात, छाती कापडापाशी. त्यामुळे उभ्या माणसाला जनावराची पाठ दिसते तिथे सिद्धप्पाला समोर पोट दिसायचं. ताण्यातल्या हजारबाराशे तारांतली एक तुटली तरी त्याच्या डोळ्याला टोचायची, पण कालवडीच्या अंगावर बघायचं काय, हेच त्याला माहीत नव्हतं. राघोबाला विचारलं तर तो रोज नवीन काहीतरी सांगायचा. केस चमकले पाहिजेत, चाल जड झाली पाहिजे, सडं भरली पाहिजेत. सिद्धप्पा एकेक खूण घोकत बसायचा, आणि कालवड कधी चमकायची, कधी मळकी दिसायची.

त्यात उन्हाळा कडक निघाला. आडाचं पाणी खाली गेलं. रत्नम्मा पहाटे उठून ओढ्यातल्या झऱ्यावर जायची, वाटीवाटीने घागर भरायची, आणि अशा तीन घागरी कालवडीसाठी वेगळ्या. डोईवरचे केस चुंबळीखाली झिजले. सिद्धप्पानं मागावरून उठून कडबा तोडायला शिकून घेतलं. पहिल्याच दिवशी विळीने अंगठा कापला आणि दोन दिवस धोट्याला रक्त लागत राहिलं. कडब्याशिवाय खायला काही नव्हतं. कालवडीचं पोट उतरलं, बरगड्या दिसू लागल्या. रत्नम्मानं दोऱ्याचं माप सोडून दिलं आणि तो दोरा चूल पेटवायला वापरला.

चैत्रात आणखी एक घडलं. पाण्याला सोडलेली कालवड ओढ्यात दुसऱ्याच्या गाईवर चढली. बघणारे बघत होतेच. माजावर आलेलं जनावर असं करतं हे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असतं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की हटगाराची कालवड उलटली, म्हणजे फळलीच नाही. अमृतप्पांकडेही ते पोचलं. त्यांनी निरोप धाडला, की कारहुणवीला सकाळीच येतो, अफजलपूरला लेकीच्या घरी कालवड हवी आहे, तिकडे धाडून देऊ.

त्या रात्री सिद्धप्पा जेवला नाही. त्याला कालवडीचं वाईट वाटत नव्हतं, बायकोचं वाटत होतं. पण रत्नम्मा भांडी घासता घासता म्हणाली, "ती वरडली न्हाई की ओ. तीनदा वरडली तवा गल्ली झोपली नव्हती. आता एकदा चढली, आन् गप खायलीय. मला न्हाई पटत." सिद्धप्पाला तिच्या बोलण्यात काही अर्थ आहे असं वाटलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी पहाटे झऱ्यावर घागर घेऊन तोच गेला.

ज्येष्ठ लागला. एक वळीव येऊन गेला, आडात गार पाणी आलं, बांधांवर कोवळं गवत फुटलं. एका सकाळी रत्नम्मानं कालवडीपुढे रांजणातलं रात्रीचं गार पाणी ठेवलं आणि ती कांड्या भरायला बसली. ऊन नुकतं छपरात तिरपं शिरलं होतं. सिद्धप्पा धोटा फेकणार तेवढ्यात थांबला. कालवडीच्या उजव्या कुशीत, मांडीच्या जरा पुढे, काहीतरी हललं होतं. माशी बसली की जनावराची कातडी थरथरते, ती वरच्या वर, पाण्यावरून वारं गेल्यासारखी. हे तसं नव्हतं. हे आतून आलं होतं. कुणीतरी आतून कोपर मारावं तसा एक उंचवटा वर आला आणि बसला.

त्यानं बायकोला हाक मारली. ती धावत आली, उभी राहून बघितलं, तिला काही दिसलं नाही. दुसऱ्या सकाळी पुन्हा गार पाणी, पुन्हा सिद्धप्पाला दिसलं, पुन्हा रत्नम्माला नाही. ती म्हणाली, तुम्हाला दिसावं म्हणून दिसायलंय. तेव्हा तिसऱ्या सकाळी तो स्वतः उठला आणि तिला म्हणाला, खड्ड्यात बस. लग्न होऊन आल्यापासून ती मागाच्या उजव्या अंगाला बसून कांड्या भरत आली होती, खड्ड्यात कधी उतरली नव्हती. लुगडं गोळा करून ती उतरली, पाय पावड्यांवर टेकले, आणि एकटक बघत राहिली. कालवड अर्धी बादली प्यायली आणि तिनं डोकं वर केलं. रत्नम्माचा हात तोंडावर गेला. तिला दिसलं होतं. ती खड्ड्यातून उठेना. सिद्धप्पानं हात दिला तर तिनं तो हात धरून त्यालाच शेजारी बसवलं, आणि अंगठ्यावरची विळीची खूण चाचपत ती खूप वेळ हसत होती. एवढा आनंद दोघांना लेकीच्या लग्नातही झाला नव्हता. मात्र या खेपेला हुग्गी रांधली नाही आणि कुणाला एक अक्षर सांगितलं नाही.

कारहुणवीच्या सकाळी गावात बैलांच्या शिंगांना रंग चढत होता. हलग्या वाजत होत्या. अमृतप्पा डोक्याला नवा रुमाल बांधून, राघोबाला घेऊन आले. राघोबाच्या खांद्यावर न्यायचं दावं होतं. अमृतप्पा बोलायला थांबले नाहीत. त्यांनी कालवडीच्या मागे वाकून कास बघितली, ती लिंबाएवढी. उजव्या कुशीत मूठ दाबली, ती अंग चोरून बाजूला झाली. पाठीवरून हात फिरवला, बरगड्या मोजल्या आणि हात झटकले.

"रिकामी हाय," ते म्हणाले. "चैतात उलटली तवाच मी वळखलं होतं. तुजी चूक न्हाई सिद्धप्पा, हे काम तुज्या जातकुळीचं न्हाई. सोड रे राघोबा."

राघोबा खुंट्याकडे गेला. सिद्धप्पा आजवर अमृतप्पांपुढे कधी मान वर करून बोलला नव्हता. धोतराचं माप घेतानाही त्याची नजर त्यांच्या पायांवर असायची. आता त्यानं पुढे होऊन दाव्याची गाठ आपल्या मुठीत धरली.

"अप्पा, गाभण हाय ती. मला दिसलंय."

"कुठं दिसलंय?"

"हितं न्हाई दिसत. खड्ड्यात बसावं लागतं."

अमृतप्पांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते रागावतील असं राघोबाला वाटलं. मळ्याचा मालक, डोक्याला नवा रुमाल, सणाचा दिवस, आणि हा सांगतो हटगाराच्या खड्ड्यात उतर. पण सिद्धप्पानं गाठ सोडली नाही. तो म्हणाला, "तुमी एकदाच बसा. न्हाई दिसलं तर मीच हिला अफजलपूरपातुर हाकत नेतो." अमृतप्पांनी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग जोडे काढले.

खड्डा सिद्धप्पाच्या मापाचा होता. अमृतप्पा आधी एक पाय घालून बघत राहिले, मग दुसरा घातला, मग कंबर अडकली. राघोबानं वरून खांदे दाबले. शेवटी ते आत बसले तेव्हा मागावरचं कापड त्यांच्या पोटाला टेकलं होतं आणि रुमाल दोऱ्यांना घासत होता. गल्लीतली माणसं दारात जमली. कुणी हसलं नाही, पण त्यांना किती कष्टानं हसू आवरावं लागत होतं ते त्यांच्या गालांवरून कळत होतं.

रत्नम्मानं त्या सकाळी कालवडीला अजून पाणी दाखवलं नव्हतं. तिनं रांजणातून बादली भरली आणि पुढे ठेवली. कालवड प्यायली. सगळे उजव्या कुशीकडे बघत राहिले. काही झालं नाही. एक माशी बसली, कातडी थरथरली, दारातलं कुणीतरी "आलं आलं" म्हणालं आणि सिद्धप्पानं मान हलवली. अमृतप्पांच्या पायांना मुंग्या आल्या असाव्यात, ते हलू लागले. रत्नम्मानं दुसरी बादली आणली. ती आणखी गार होती, रांजणाच्या बुडातली. कालवडीनं तोंड बुडवलं, लांब घोट घेतले.

तेव्हा कूस उचलली गेली. एकदा, आणि लगेच दुसऱ्यांदा, जोरानं. उंचवटा इतका स्पष्ट आला की दारातल्या पुढच्या माणसालाही दिसला. अमृतप्पा तसेच बसून राहिले. चाळीस वर्षं जनावरांत घालवलेला तो माणूस एकटक बघत होता, आणि त्याच्या मिशीच्या खालून हसू पसरत होतं.

"लाथ मारली की रे मला," ते हळूच म्हणाले. "आन् मी हिला रिकामी म्हनलो."

मग गल्ली बेभान झाली. कुणी हलगीवाल्याला ओढून आणलं, कुणी अमृतप्पांना खड्ड्यातून उपसायला धावलं. दोघांनी काखेत हात घातले, तिसऱ्यानं मागून रेटलं आणि ते बाहेर आले तेव्हा नव्या रुमालाला खळीचा पांढरा पट्टा लागला होता. त्यांनी तो झटकला नाही. सिद्धप्पा खुंट्याशीच उभा होता. दाव्याची गाठ अजून त्याच्या मुठीत होती आणि ती सोडायची आता गरज नाही हे त्याच्या हाताला कळत नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून सरळ पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

अमृतप्पा पुढे आले, त्यांनी दाव्याला हात लावला आणि म्हणाले, "गाभण जनावरबी कवातरी चढतंय, ते मी इसरलो. बोलल्याप्रमाणं वासरू माजं, गाय तुजी. दावं देताना जनावराचं नाव घ्यावं लागतंय. काय नाव ठेवलाव हिचं?"

सिद्धप्पा गोंधळला. घरात तिला सगळे कालवडच म्हणायचे, तोही, गल्लीही. "नाव न्हाई ठेवलं, अप्पा," तो म्हणाला. "तुमचं जनावर. आमी कसं ठेवायचं?"

"बाळव्वा," रत्नम्मा म्हणाली.

ती चुलीकडच्या दारात उभी होती आणि अगदी हलक्या आवाजात बोलली होती. हलगीच्या गलक्यात राघोबालाही धड ऐकू गेलं नाही. पण कालवडीनं बादलीतून तोंड वर काढलं. नाकावरून पाणी गळत होतं. तिनं मान वळवली, गर्दीतून नेमकं रत्नम्माकडे बघितलं आणि हंबरली.

सिद्धप्पा बायकोकडे बघत राहिला. आठ महिने एका छपराखाली राहून त्यानं हे नाव एकदाही ऐकलं नव्हतं.

"कवा ठेवलीस?"

"आली त्याच दिशी," ती म्हणाली. "परत द्यावी लागली आसती तर नावच तेवढं मागं ऱ्हायलं आसतं. म्हून तिच्या कानातच म्हनायची."

आणि मग अंगणाच्या मधोमध येऊन, पदर खांद्यावर टाकून, पलीकडच्या गल्लीत चन्नव्वाच्या मागच्या दारापर्यंत पोचेल एवढ्या मोठ्यानं तिनं आपल्या गाईला नावानं हाक मारली.